जुन्या इरकलीचा बोहो झगा

मार्चमधली दुपार होती. पंखा गरम हवाच फिरवत होता. मी एका नववीतल्या पोरीच्या गणवेशाचा स्कर्ट उसवत बसले होते, तेवढ्यात भाचीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मावशे, असलं शिवायला येतंय का तुला?"

फोटोत एक परदेशी पोरगी गवतात उभी. अंगात मळकट पांढरा झगा, फुग्याच्या बाह्या, छातीवर लेस, खाली तीन झालरी.

"बोहो म्हणतात ह्याला. हिप्परग्याच्या तलावावर आमचं लग्नाआधीचं शूट आहे. ऑनलाइन साडेसात हजाराला बघितला मी."

मी म्हटलं, "अगं, हे परकर-पोलकं आहे. वरचं खालच्याला जोडलंय, एवढंच."

ती हसली, पण झगा शिवला तो मीच. आजीच्या इरकलीतून शिवला, आणि तिच्या मैत्रिणींसाठी आणखी सहा. त्या सगळ्यांतला पहिला, एका मैत्रिणीचा, साफ बिघडला होता, तेही सांगते. आता दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंय, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. ज्यांना साधा ब्लाऊज शिवता येतो त्यांना हे जमेल. ज्यांना येत नाही त्यांनी हे वाचून आपल्या शिंप्याकडून करून घ्यावं, म्हणजे तो काय विसरतोय ते कळेल.

माझ्याबद्दल एवढंच, की मी अकरा वर्षं गणवेशाच्या कारखान्यात होते. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने किती आहेत ते गावाबाहेरच्यांना सांगावं लागतं, आपल्याला नाही. मी कॉलरवर होते. दिवसभर कॉलर आणि फक्त कॉलर. पाव इंचाची चूक झाली की गठ्ठा परत. पुढे दत्त चौकामागे घरीच मशीन टाकली आणि शिवणक्लास सुरू केला. गणवेशात मुरलेल्या बाईनं असले मोकळेढाकळे झगे शिवावेत याचं लोकांना हसू येतं. पण हा झगा मला जमला तो त्या कॉलरींमुळेच, कारण सैल कपड्याचे खांदे, मुंढा (बाही जोडतो ती काखेची गोलाई) आणि गळा हे घट्ट कपड्याहून जास्त नेमके लागतात. तेवढं नेमकं बसलं की खाली किती का घोळ असेना, बाई सुरेख दिसते. ते चुकलं की अंगावर गोणपाट.

हे मला कळलं नव्हतं, म्हणून तर पहिला झगा बिघडला. सैलच तर घालायचाय, मग मापं कशाला, असं म्हणून मी 'फ्री साइज' कापला. खांदा दंडावर उतरला, फुगा कोपराकडे लोंबला, गळा पुढे वाकलं की उघडा. गिऱ्हाईक बिचारी काही बोलली नाही. आरशासमोर उभी राहून दोन्ही हातांनी खांदे वर ओढून धरत होती. मी पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर मुलीनं, ती पुण्यात फॅशनचं शिकते, मला काही नावं पाठवली. म्हणाली, "आई, फोटो बघून शिवू नकोस. हे आधी कुणी शिवलं ते बघ." रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाईलवर म्युझियममधले जुने कपडे मोठे करकरून शिवणी बघत बसायचे. जे उपयोगी पडलं ते जिथल्या तिथे सांगत जाते.

आधी त्या शब्दाचं. बोहो म्हणजे बोहेमियन. बोहेमिया हा आजच्या चेक देशातला एक प्रांत. युरोपात गाड्यांवर संसार घेऊन फिरणारे रोमा लोक तिकडूनच आले असं फ्रान्समध्ये समजायचे, म्हणून त्यांना बोहेमियन म्हणू लागले. पुढे पॅरिसमधल्या फाटक्या खिशाच्या चित्रकार-कवींनाही तेच नाव चिकटलं. खरं तर रोमा लोकांची भाषा तपासली तर तिचं मूळ आपल्या उत्तर हिंदुस्थानात निघतं. म्हणजे घेरदार घागरा, आरसे, कवड्या, झालरी असलं काही कुणी आपल्याला परदेशी म्हणून विकायला लागलं, तर आधी आपल्या सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्याकडे, बंजारा वस्तीकडे बघावं. त्याबद्दल पुढे येतेच.

साडी निवडताना

कोऱ्या कापडापेक्षा जुनी सुती इरकल बरी. दहा-पंधरा वर्षं धुवून ती मऊ झालेली असते, आटायची तेवढी आटलेली असते आणि रंग जायचा तेवढा गेलेला असतो. नवं सुती कापड घ्यायचं तर चाटी गल्लीत मलमल किंवा कॅम्ब्रिक मिळतं. मात्र ते रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री केल्याशिवाय कात्री लावायची नाही. जॉर्जेट दिसतं छान, पडतंही छान, पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या बेचाळीस डिग्रीत तीन झालरींचं पॉलिस्टर घालून उभं राहून दाखवा, मग बोलू.

साडी उजेडात धरून बघायची. दोघींनी दोन टोकं धरून खिडकीसमोर ताणली की विरलेल्या जागा चाळणीसारख्या दिसतात. जुनी साडी ठरावीक जागीच विरते: कमरेला खोचतो तिथे, निऱ्यांच्या खालच्या घडीवर, आणि पदराला खांद्यावर पिन टोचतो तिथे. तिथे खडूनं फुली मारून ठेवायची. फुल्या फार झाल्या तर ती साडी गोधडीला द्यावी, झग्याला नको.

रंगाची परीक्षा सोपी. पांढरा ओला रुमाल लाल काठावर दाबून घासायचा. रुमाल गुलाबी झाला, तर त्या काठाशेजारी पांढरं अस्तर किंवा फिकी लेस लावायची नाही. मिठाच्या पाण्यात टाकलं की रंग पक्का होतो असं आमच्याकडे सगळ्याच म्हणतात. मी तीनदा करून बघितलं, मीठ वाया गेलं. जाणारा रंग जातोच. तो चार पाण्यांत घालवून टाकावा.

आता कात्रीच्या आधीची खरी गोष्ट. इंग्लंडमध्ये झँड्रा रोड्स म्हणून एक बाई आहेत, 1940 चा जन्म, केस भडक गुलाबी. मूळच्या त्या कापडावर छपाई करणाऱ्या. 1969 मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचे कपडे काढले. त्यांची पद्धत अशी, की कपड्याचा आकार छपाईनं ठरवायचा. नक्षीची कड जिथे संपते तिथे कपडा संपवायचा, नक्षी वळली की कात्रीही वळवायची. हे वाचलं आणि मला एकदम इरकलच दिसली. साडीला काठ आहे, पदर आहे, मध्ये अंग आहे. झगा आधी कागदावर काढून साडी त्यात कोंबायची नाही. काठ कुठे पडला तर शोभेल ते ठरवून झगा मागाहून बेतायचा. काठाची कड विणतानाच बांधलेली असते, म्हणजे तिथे दुमडायचं काम वाचतं आणि घेर जड होत नाही.

बेतणं

भाचीची मापं घेऊन सांगते, तुम्ही आपापली घाला. उंची पाच फूट तीन इंच, छाती 34. खांद्यापासून घोट्याच्या जरा वरपर्यंत झगा 50 इंच. त्यात वरची चोळी, म्हणजे खांद्यापासून कमरेच्या थोडं वरपर्यंत, 14 इंच. उरले 36. त्याचे तीन टप्पे: 10, 12 आणि 14. वरचा लहान, खालचा मोठा. तिन्ही टप्पे सारखे 12-12 केले तर झगा आखूड आणि बाई बुटकी दिसते. असं का होतं ते मला समजावता येणार नाही, पण दोन्ही प्रकार टाचणीनं लावून बघितलेत.

घेराचा हिशेब दीडपटीचा. चोळीची खालची कड 36 इंच धरली तर पहिला टप्पा 54, दुसरा 81, तिसरा साधारण 122. प्रत्येकात जोडाला इंचभर माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड. दुप्पट घेर घ्यायचा मोह होतो. पण तीन टप्प्यांत दुप्पट करत गेलात तर खालचा 288 इंच होतो, म्हणजे सव्वासात मीटर. नेहमीच्या साडीची लांबी त्याला पुरणार नाही.

साडी जमिनीवर आडवी पसरा. माझ्याकडची 45 इंच पन्ह्याची होती, पदर सोडून कामाची लांबी जवळजवळ 180 इंच. एका काठाकडून साडेचौदा इंच उंचीची, 123 इंच लांब पट्टी काढली. तो तिसरा टप्पा, काठ खाली. समोरच्या काठाकडून 13 इंच उंच, 82 इंच लांब पट्टी काढली. तो दुसरा. मध्ये साडेसतरा इंचांचा साधा पट्टा राहिला. त्यातून 11 इंच उंच, 55 लांब असा पहिला टप्पा, आणि उरलेल्यात चोळी, दोन बाह्या, खिसे, गळ्याची पट्टी. पदर मी तसाच ठेवला होता. शेवटी छातीवरच्या योकसाठी त्यातला एक वीतभर तुकडा घेतला, बाकीची ओढणी झाली. एकाच साडीत सगळं बसलं. विरलेल्या जागा असतील तर बसणार नाही, मग दुसरी विजोड साडी घ्या. विजोड चांगली दिसते, सारखी शोधत बसू नका.

यात एक तडजोड आहे ती सांगून ठेवते. काठ खाली घेण्यासाठी पट्ट्या साडीच्या लांबीत काढल्या, म्हणजे उभा धागा घेरात आडवा गेला. कापड उभ्या धाग्यात जास्त सळसळून पडतं. त्यामुळे हा घेर जरासा फुगीर उभा राहतो. मला आवडतो. न आवडणाऱ्यांनी काठाचा हट्ट सोडावा. चोळी आणि बाह्या मात्र उभ्या धाग्यातच कापा, तिथे तडजोड नाही.

चोळी आधी मांजरपाटात शिवून अंगावर घालून बघा. पंचवीस-तीस रुपयांचा तुकडा आजीची साडी वाचवतो. छाती 34 असेल तर चोळीचा घेर 38 ठेवा, म्हणजे हात वर करता येतो. आता फुग्याच्या बाहीची गोम. नेहमीच्या मापाच्या खांद्याला फुगा लावला की तो खाली घरंगळतो. खांदा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घ्यायचा, म्हणजे फुगा खांद्याच्या हाडावर बसतो. बाहीचा माथा दीड इंच उंच करायचा आणि रुंदी चार इंच वाढवायची. चुण्या सगळ्या माथ्यावर, वरच्या सहा-सात इंचांतच. काखेत एकही चुणी नको, तिथे घाम आणि घर्षण, दोन उन्हाळ्यांत फाटतं. आमच्या आईच्या पोलक्यांच्या बाह्या अशाच असायच्या. शिवणारा शिंपी मापं लिहून घेत नसे, पोरीकडे एकदा बघायचा आणि म्हणायचा, "गुरुवारी या."

कापणीतला खरा दादा माणूस म्हणजे ओसी क्लार्क. लंडनमध्ये काम केलेला, साठ-सत्तरच्या दशकातला. त्याची बायको सेलिया बर्टवेल फुलापानांच्या नक्षी काढायची, त्या शिफॉन-क्रेपवर छापल्या जायच्या, आणि हा कापायचा. त्याचे झगे फोटोत नुसते वाऱ्यावर उडताना दिसतात. शिवणी बघितल्या की कळतं, छातीखाली कापड कसं अंगाला धरलंय. तो उरेबचा फार वापर करायचा. उरेब म्हणजे कापड तिरकं धरून कापणं. तिरक्या कापडाला ताण असतो, ते अंगावर वळतं. आपल्या झग्यात उरेब एकाच जागी लागते, गळ्याला. सव्वा इंच रुंदीची उरेब पट्टी काढून गळा बांधायचा. सरळ पट्टी लावली की गोल गळा उभा राहतो, कुत्र्याच्या पट्ट्यासारखा. क्लासमधल्या पोरी कंटाळा करून सरळ लावतात आणि मग इस्त्रीनं दाबत बसतात.

आणखी दोन नावं मुलीच्या यादीत होती आणि त्यांनी माझा धीर वाढवला. लॉरा अॅशली मूळची वेल्सची. 1953 मध्ये लंडनमधल्या आपल्या घरात, स्वयंपाकघराच्या टेबलावर, नवऱ्याबरोबर रुमाल-स्कार्फ छापायला लागली. तिथून पुढे ते बारीक फुलांचे, उंच गळ्याचे, शेतावरच्या बाईसारखे सुती झगे जगभर गेले. जेसिका मॅक्लिन्टॉक अमेरिकेतली, आधी शाळेत शिक्षिका. 1969 मध्ये पाच हजार डॉलर घालून सॅन फ्रान्सिस्कोतल्या गुन्नी सॅक्स या कपड्यांच्या छोट्या धंद्यात उतरली. लेस, रिबिनी, सुती कापड. अमेरिकेतल्या पोरी तेच घालून नाचाला आणि लग्नाला जायच्या. मीही स्वयंपाकघराच्या ओट्यावरच कापते, कारण घरातली तेवढीच जागा कमरेच्या उंचीची आहे.

लेस लावायची तर सुती घ्या. नायलॉनची चमकते आणि मानेला टोचते. लेस चोळीच्या कडेला शिवून टाकण्यापेक्षा मध्ये बसवा: कापडावर ठेवून दोन्ही कडांनी टीप मारायची, मग मागचं कापड मधून कापून दोन्हीकडे दुमडायचं. अंग किंचित दिसतं, आणि झगा एकदम आजीच्या पेटीतला वाटायला लागतो. लेसही आधी भिजवा. मी एकदा भिजवली नाही. पहिल्या धुण्यानंतर छातीवर सगळीकडे फोड आल्यासारखं झालं.

चुण्या

इथे माणसं रडतात. 123 इंचांच्या पट्टीला एका दोऱ्यात चुण्या घालायला जातात, शेवटच्या वितीला दोरा तुटतो आणि सगळं परत. असं करा: पट्टीचे चार सारखे भाग करून खडूच्या खुणा करा. वरच्या टप्प्याच्या कडेलाही चार खुणा. मशीनचा टाका सगळ्यात मोठा ठेवा आणि वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. पाव इंच अंतरानं दोन समांतर टिपा मारा, प्रत्येक खुणेशी दोरा तोडून. मग खालचे, बॉबिनचे दोन्ही दोरे एकदम ओढा. एकच टीप मारली तर चुण्या वाकड्यातिकड्या पडतात. दोन मारल्या की फण्यासारख्या सरळ राहतात. बॉबिनमध्ये ताजा दोरा भरा. डब्यातला दहा वर्षांपूर्वीचा रीळ ओढला की तुटतो.

खुणेला खूण जुळवून टाचण्या लावा, मग चुण्या बोटांनी सारख्या करा. टाचणीच्या टोकानं एकेक चुणी खाली ओढून घेतली की ती शिस्तीत बसते. हे काम घाईत होत नाही. मी रेडिओ लावते. टीप मारताना चुण्यांची बाजू वर ठेवा, म्हणजे सुईखाली काय जातंय ते दिसतं. दुसरा टप्पा तिसऱ्याला जोडताना त्याचा काठ मी आत घेतला नाही. तिसऱ्याच्या चुण्यांवर काठ सुलटा ठेवला आणि वरून कडेनं टीप मारली. त्यामुळे गुडघ्याखाली एक लाल रेघ आणि पायाशी दुसरी. आजीची इरकल तिथे ओळखू येते.

चोळी आणि पहिला टप्पा जिथे जुळतात त्या शिवणीत आतून सुती टेप घाला, परकराच्या नाडीची पट्टीही चालेल. खाली तीन मीटरहून जास्त घेर लोंबतोय. टेप नसेल तर वर्षभरात कंबर खाली उतरते आणि चोळीच्या शिवणीत दोरे दिसायला लागतात. अस्तर 2x2 रुबियाचं, चोळीपासून दुसऱ्या टप्प्यापर्यंतच. पुढे नको, हवा खेळू दे.

आरसे

थिया पोर्टर हे नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं. जन्म जेरुसलेमचा, 1927 चा, वाढली दमास्कसमध्ये. 1966 मध्ये लंडनच्या ग्रीक स्ट्रीटवर तिनं दुकान काढलं. तिकडची जुनी कापडं, गालिचे, उशा विकायची. मग त्या जुन्या भरतकामाच्या कापडांतून कफ्तान आणि भटक्यांच्या धाटणीचे झगे करायला लागली. हॉलिवूडची नटी एलिझाबेथ टेलर तिची गिऱ्हाईक. त्यावरून मी घेतलेला धडा असा, की जुन्या कापडाचा एकच तुकडा, पण सगळ्यांची नजर जाईल अशा जागी. पाठभर, पोटभर पसरायचा नाही.

हे मी आरशांच्या बाबतीत पाळते. आमच्याकडे एक बंजारा आजी झंपर शिवायला येतात. एकदा त्यांनी लग्नातला फेटिया, म्हणजे घागरा, दाखवायला आणला. पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि मला वजनानं खालीच वाकायला झालं. लाल, निळं, पिवळं, प्रत्येक बोटभर जागेत टाका. आरसे, कवड्या, कडेला पांढरी शिवण दाट दाताच्या कंगव्यासारखी. कांचळी म्हणजे चोळी वेगळी, टुकरी म्हणजे ओढणी वेगळी. मी विचारलं, किती दिवस लागले? आजी म्हणाल्या, "दिवस कोण मोजतंय? गाय दुभताना नाही, स्वयंपाकात नाही, मधल्या वेळात." शहरातली काही माणसं असे जुने फेटिये शे-दोनशेला घेऊन कापतात आणि पिशव्या करतात. मला ते बघवत नाही. आरसाकाम हवं असेल तर तांड्यातल्या बायकांना नवीन तुकडा करायला सांगा, वीतभर, आणि मागतील तेवढे पैसे द्या.

स्वतः करायचं तर आजींनी दाखवलं तसं. आरसा कापडावर ठेवून डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचा. त्यावरून दोन उभे टाके, दोन आडवे, आडवा उभ्यात एकदा गुंतवून. आरशावर चौकट दिसते. ती ताठ हवी, आरसा त्या चौकटीवरच टिकतो. मग कडेनं काजाचा टाका: सुई चौकटीखालून घालायची, दोरा ओढून कापडात टाका घ्यायचा, पुन्हा चौकटीखालून. गोल फिरत गेलं की चौकट कडेला ओढली जाते आणि आरशाभोवती दोऱ्याची कडी बसते. दोरा सहापदरी घ्या. माझा पहिला आरसा तासाभरात पडला, चौकट सैल होती. आजींनी उचलून दिला आणि बघून न बघितल्यासारखं केलं. भाचीच्या झग्यावर मी पाचच आरसे लावले, गळ्याच्या खाली, पदराच्या तुकड्यावर.

परदेशातल्या मोठ्या नावांमध्ये ईव्ह सेंट लॉरेंटनं 1976 मध्ये रशियन बॅले आणि खेडुतांच्या पोशाखांवरून रेशीम-मखमल-झालरींचा जो भपका केला, तो डोळे दिपवतो. पण तो आपल्या कामाचा नाही, तो दरबारी थाट आहे. भाचीनं दाखवला तो फोटो क्लोएच्या वळणाचा होता. ही पॅरिसची कंपनी 1952 मध्ये इजिप्तमध्ये जन्मलेल्या गॅबी अघियोंनी काढली. 2024 च्या फेब्रुवारीत तिथल्या डिझायनर केमेना कमालीनं आपला पहिला शो केला, आणि झालरी-लेसची लाट परत आली ती आपल्या चाटी गल्लीपर्यंत पोहोचली. आपल्याकडचं बघायचं तर रितू कुमार. साठच्या दशकाच्या शेवटी कोलकात्याजवळच्या सेरामपूरच्या ठसे छापणाऱ्या कारागिरांबरोबर त्यांनी सुरुवात केली. आणि अनिथ अरोरा, तिच्या कपड्यांच्या 'पेरो' या नावाचा अर्थ मारवाडीत 'घाला', 'नेसा' असा. तिचे कपडे कधी दिसले तर उलटे करून बघा. आतली बाजूही तितकीच सजवलेली असते, बटणापासून टॅगपर्यंत. मी एकदा मुलीच्या कॉलेजात एक बघितला आणि घरी येऊन आपल्या चोळीच्या आतल्या सगळ्या कडा उसवून परत बांधल्या.

सोलापुरी चादरीचं जॅकेट यावर घालावं का, असं पोरी विचारतात. डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला, जरूर. चादर जाड असते, 16 किंवा 18 नंबरची सुई लावा. कापल्याबरोबर कडेला टीप मारा, नाहीतर कपाटापर्यंत दोऱ्यांची वाट लागते. कॉलर लावू नका, हे मी कॉलरवाली सांगते. चार पदर झाले की मशीन गुरगुरते. गळा नुसता जाड उरेब पट्टीनं बांधा.

खिसा

झग्याला खिसा ठेवाच. पहिल्या टप्प्याच्या बाजूच्या शिवणीत, हात सरळ खाली सोडला की जिथे मनगट येतं तिथे तोंड. तोंड साडेसहा इंच, खोली हाताएवढी. खिशाची वरची कड त्या टेपच्या शिवणीत अडकवून टाका, म्हणजे मोबाईलच्या वजनानं टप्पा एका बाजूला ओढला जात नाही. ओसी क्लार्क आपल्या झग्यांत एक चोरखिसा ठेवायचा, घराची किल्ली आणि पाच पौंडांची नोट मावेल एवढा. गणवेशाच्या कारखान्यात खिशावर बसणाऱ्या बायका आमच्याहून जास्त कमवायच्या. का, ते हा खिसा लावताना कळतं.

शिवून झाल्यावर झगा दोन दिवस खुंटीला टांगून ठेवा. घोळ आपलं वजन घेतो, कुठे ओढलंय ते दिसतं, मग शेवटची टीप. धुताना हातानं, गार पाण्यात, आरसे आतल्या बाजूला. पिळायचा नाही. ओला झगा हँगरला लटकवलात तर पाण्याच्या वजनानं खालचा टप्पा दोन इंच उतरेल. पंचावर आडवा टाका, सावलीत, निम्मा वाळला की दांडीवर.

भाचीच्या शूटच्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला. हिप्परग्याला वारा सुटला होता, मागे फोटोवाल्याचा ओरडा ऐकू येत होता. मला वाटलं, शिवण उसवली.

"मावशे, खिशात सुईदोरा अन् दोन सेफ्टी पिना कुणी ठेवल्यात?"

"मीच. कशाला?"

"नवऱ्याच्या कुर्त्याचं बटण तुटलंय."

"मग लाव की."

"मला येतंय का बटण लावायला!"

आता ती रविवारी दुपारी तीनला क्लासला येते. काज-बटणापासून सुरुवात केलीय.